पिशवी घरात आली पाहिजे

आईच्या केसपेपरवर लिहिलेलं असायचं, ‘औषध चालू’. ओपीडीत विचारलं, गोळ्या घेता ना, की ती मान डोलवायची. खोटं नव्हतंच ते. गोळी ती घेत होती, पण एक दिवसाआड.

हे कळलं आमच्या स्वयंपाकघरात. सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत नर्सिंगच्या मुली पोस्टिंगला येतात, तशी एक आमच्याकडे आली. पाटावर वर्तमानपत्र अंथरून तिनं त्यावर पिशवी ठेवली. पिशवी थेट जमिनीवर टेकवायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. पिशवीत सगळ्यात वर ठेवलेला साबण काढून हात धुतले, आणि मगच बीपीचं यंत्र बाहेर आलं. आकडा चढलेला. मुलीनं गोळ्यांची पट्टी मागितली, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि म्हणाली, “आजी, या तर केव्हाच संपायला पाहिजे होत्या.”

“रोज खाल्ली त लवकर सरते न बाई,” आई म्हणाली, “मंग पुन्हा एसटीनं जा, रांगेत बसा.”

दवाखान्याच्या खाटेवर हे कुणाला दिसणार होतं? मुलीनं आशाताईंना सांगितलं, आणि पुढच्या महिन्यापासून गोळ्या गावातल्याच उपकेंद्रातून मिळू लागल्या.

कॉलेज आणि गाव यांचं हे नातं वर्ध्याला नवं नाही. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना गांधीजींनी सेवाग्रामच्या आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांचं मालिश केलं. शुश्रूषा हे हलकं काम नव्हे, हे या मातीत तेव्हाच ठरलं. कस्तुरबांच्या निधनानंतर गांधीजींच्या सहकारी डॉ. सुशीला नायर यांनी त्यांच्या नावानं बायकामुलांसाठी छोटा दवाखाना उभा केला. 1969 साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच आवारात वैद्यकीय महाविद्यालय आलं. तिथं डॉक्टरकीची प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांना घरं वाटून दिली जातात.

गावानंही फुकट घेतलं नाही. याच महाविद्यालयातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं ज्वारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीत ज्वारी घरात आली की विम्याचा वाटा त्यातूनच द्यायचा. जमीनवाल्यानं जास्त, मजुरानं कमी. त्या वाट्यावर दवाखान्यात सवलत मिळायची. लोकांच्या हाती पैसा ज्या महिन्यात असतो, त्याच महिन्यात हप्ता, इतकी साधी ती अक्कल होती. आज शिवारात सोयाबीन आणि कपाशी आहे, ज्वारी शोधावी लागते. पण दवाखान्यात आपलाही वाटा आहे ही भावना ज्वारीबरोबर सरली, तर मात्र अवघड आहे.

मला काळजी आहे ती इथंच. पोस्टिंग बंद होणार नाही, अभ्यासक्रमात ती सक्तीची आहे. पण सक्तीची गोष्ट आतून पोकळ व्हायला वेळ लागत नाही. मागं एकदा एक गाडी गावात आली, मुली उतरल्या, दारोदार फॉर्मवर सह्या घेतल्या आणि दुपारच्या जेवणाआधी गाडी परत. पिशवी एकीनंही उघडली नाही. कॉलेजचं नाव सांगत नाही. दोष एकट्या कॉलेजचाही नव्हता. वेचणीचे दिवस होते. सकाळी दहाला अर्ध्या गावाला कुलूप, बाया वावरात. कुलपाचं बीपी कसं मोजणार?

म्हणून वर्धा आणि सावंगी-सेवाग्राम परिसरातल्या नर्सिंगच्या मास्तरांना आणि मॅडमना विनंती: कापसाच्या दिवसांत भेटी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवा. एका मुलीकडं घरं कमी द्या, पण त्याच घरी तिला पुन्हा पुन्हा पाठवा. पहिल्या भेटीत कुणी गोळ्यांची पट्टी काढत नाही. प्रयोगशाळेतल्या डमीवर इंजेक्शन शिकता येतं, नवऱ्यासमोर बोलू न शकणाऱ्या सुनेशी बोलणं शिकता येत नाही. आणि वहीत सह्या मोजण्याऐवजी, मुलीनं काय ओळखलं आणि कुणाला कळवलं, ते विचारा.

ग्रामपंचायतीनं ग्रामसभेत एक ठराव करावा: पोस्टिंगच्या दिवसांत एक स्वच्छ खोली, पाणी आणि संडास. बाहेरगावच्या मुली दिवसभर संडासाला जायला लाजतात म्हणून पाणी पीत नाहीत, हे आपल्या गावाला शोभत नाही. आशाताई, नर्सबाई, अंगणवाडीताई यांच्या बैठकीत या मुलींनाही बसू द्या, म्हणजे त्यांनी शोधलेला रुग्ण त्यांच्यामागं वाऱ्यावर राहणार नाही.

बाकी घरोघरच्या बायाबापड्यांनो, तुमच्याकडं एवढंच मागणं. मुलगी दारात आली तर सही करून वाटेला लावू नका. आत बोलवा, बसायला पाट द्या, आणि गोळ्यांची पट्टी तिच्या हातात द्या.