पाचशे किलोमीटर आणि हातभर पोरगा

युरोप टूरहून परतलेल्या कुणालाही विचारून बघा, पॅरिस सोडून अ‍ॅमस्टरडॅमला गेलात तो दिवस कसा गेला? आधी फोटो दाखवतील. मग आवाज जरा खाली आणून म्हणतील, "खरं सांगू का, बसमध्ये झोपूनच होतो."

माझी आत्या (वय ७२, गुडघे कुरकुरणारे, उत्साह विशीतला) गेल्या वर्षी जाऊन आली. तिला विचारूनच हे लिहितोय, त्यामुळे नातेवाईक मंडळींनी लगेच फोन करू नयेत! टूर कंपनीचं नाव देत नाही, कारण त्या दिवसाचा आराखडा थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच दिसतो. सहा-सात-आठ. म्हणजे सहाला वेकअप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. पॅरिस ते ब्रुसेल्स तीनशेच्या वर किलोमीटर. तिथे उतरून चौक, मॅनेकन पीस, चॉकलेटं, अ‍ॅटोमियमपाशी फोटो. पुन्हा बस, आणखी दोनशे किलोमीटर. रात्री अ‍ॅमस्टरडॅमच्या बाहेर कुठेतरी हॉटेल, आमटी-भात आणि झोप. माहितीपत्रकात याला 'सीनिक ड्राइव्ह' म्हणतात. उत्तर फ्रान्समधला तो हायवे पाहिलेल्यांना यातला विनोद कळेल. सपाट शेतं, पवनचक्क्या आणि ट्रक. संपलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा दिवस असा असायची काहीही गरज नाही. तो असा आहे कारण आपण शहरं मोजून पैसे देतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक आहे.

गंमत बघा, त्या बसमध्ये विश्रांतीचा कायदेशीर हक्क असलेला एकच माणूस असतो. ड्रायव्हर. युरोपियन युनियनचा २००६ सालचा ५६१ क्रमांकाचा नियम आहे. साडेचार तास गाडी चालवली की एकूण ४५ मिनिटं विश्रांती. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून फार तर दोनदा १०. रात्री साधारण ११ तास सुट्टी. टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं नोंदवत बसतं, तिथे गोड बोलून काही चालत नाही. नियम उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम काय होतो? अ‍ँटवर्पच्या रिंगरोडवर वाहतूक तुंबते (तो त्यासाठीच प्रसिद्ध आहे) आणि तासभर जातो. ड्रायव्हरची विश्रांती कापता येत नाही, हॉटेल हलवता येत नाही, जेवणाची वेळ ठरलेली. मग कापायला उरतं काय? शहर! अंतर तेवढंच राहतं, शहरातला वेळ तेवढा आटतो.

आता त्या मॅनेकन पीसचं. पुतळा जेमतेम ५५ सेंटिमीटरचा, म्हणजे हातभर पोरगा. त्याच्यासाठी चाळीस माणसं बसमधून उतरवायची, 'एवढासाच?' म्हणायचं, फोटो काढायचा आणि निघायचं. शिवाय रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी आहे ती प्रतिकृती. मूळ पुतळा ग्रां प्लासवरच्या शहर संग्रहालयात आहे, आणि तो चौक १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पाच मिनिटांची वाट. पण संग्रहालयात शिरायला वेळ कुणाला? नकलेचा फोटो काढून अस्सलच्या दारावरून परत!

हे विनोदी वाटतं, पण यात म्हाताऱ्या माणसांचे हाल आहेत, ते विनोदी नाहीत. हायवेवर बऱ्याच ठिकाणी शौचालयाला पैसे पडतात. जर्मनीतल्या हायवेवरच्या मोठ्या साखळीने २०२२ च्या नोव्हेंबरात दर ७० सेंटवरून एक युरो केला. पैशांपेक्षा 'आपल्यामुळे बस थांबायला नको' हा संकोच मोठा. आत्या आणि तिच्या मैत्रिणी दुपारपर्यंत पाणीच प्यायल्या नाहीत. संध्याकाळी पाय सुजून चपला चढेनात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलंय की चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, विमानातच नव्हे, बस आणि रेल्वेतही. घाबरवायला लिहीत नाही, मुळात तो धोका सुमारे सहा हजारांत एक इतका लहान आहे. पण सत्तरीच्या माणसांना रोज बसवून न्यायचं तर हा विचार कुणीतरी करायला हवा ना?

"मग ट्रेनने जायचं ना!" असं म्हणणारे ब्लॉगर मित्र आहेतच. मान्य, पॅरिसहून ब्रुसेल्स रेल्वेने दीड तासाच्या आत येतं, अ‍ॅमस्टरडॅम सव्वातीन-साडेतीन तासांत. पण तेवीस किलोची बॅग डब्यात चढवून बघा, गुडघे दुखत असताना. आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर, ओळखीचं जेवण, सोबतीला आपल्या वयाची माणसं, यांच्या जोरावर आपली आजी-आजोबांची पिढी युरोप बघतेय. त्याला नाकं मुरडणाऱ्यांच्या बाजूचा मी अजिबात नाही. ग्रुप टूर राहू दे, बसही राहू दे. ब्रुसेल्सला रात्र काढा, नाहीतर ब्रुसेल्स गाळा.

"पण एक देश कमी होतो!" होऊ दे की. दोन तासांचं बेल्जियम मोजून बारा दिवसांत सात देश झाले, असं सोसायटीत सांगता येतं, एवढाच त्याचा उपयोग.

तेव्हा यंदा बुकिंगला जाल तेव्हा देश किती ते विचारू नका. सगळ्यात लांबच्या दिवशी बसमध्ये किती तास, हे विचारा. नव्या शहरात उजेडी पोचणार की अंधारात, ते विचारा. हॉटेल शहरापासून किती लांब, तेही. आणि बस नेमकी कुठे सोडणार? अ‍ॅमस्टरडॅमने जानेवारी २०२४ पासून साडेसात टनांवरच्या टुरिस्ट बसना शहराच्या मध्यभागी मज्जाव केलाय, त्यामुळे पुढे चालणं किंवा ट्राम आलीच. काउंटरवरचा मुलगा म्हणेल, "काका, निवांत हवं असेल तर आपली सीनियर्स टूर आहे, थोडी महाग पडते." म्हणजे आधी झोप काढून घ्यायची आणि मग तीच वेगळ्या नावाने विकायची. त्याला शांतपणे विचारा, फरकाचे पैसे नेमके कशाचे?