जुन्या संगणकाचे पुनरुज्जीवन

निवृत्तीनंतरचे छंद म्हटले की बागकाम, वाचन, तीर्थाटन आठवते. जुने संगणक दुरुस्त करून चालते करणे हाही छंद असू शकतो, याचे मात्र नवल वाटते. ज्याचे बाजारमूल्य शून्यावर आले त्यासाठी श्रम का, हा प्रश्न हिशेबी मनास पडतोच. त्याचे उत्तर इंग्लंडमधील एका यंत्राने दिले आहे.

हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली ‘डेकाट्रॉन’ संगणक सुरू झाला. त्यातील ८२८ नळ्यांत प्रकाशाचा ठिपका शून्य ते नऊ असा घरे बदलत आकडे मोजी. एका गुणाकारास पाच ते दहा सेकंद लागत. तेथील एका निष्णात गणिताने आपले हातयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यत लावली. अर्धा तास दोघे बरोबरीने चालले. मग माणूस थकून उठला, यंत्र मात्र शांतपणे आकडे मोजत राहिले. वेग नव्हे, अथकपणा हेच त्याचे भांडवल होते.

पुढे वुल्व्हरहॅम्प्टनच्या महाविद्यालयात त्याने १९७३ पर्यंत विद्यार्थी घडविले. तेथून ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेले आणि १९९७ मध्ये सुटे करून कोठारात ठेवले गेले. कालांतराने कोठारातील सामानाच्या छायाचित्रात एका जाणकारास त्याचा नियंत्रणफलक दिसला! स्वयंसेवकांनी २००९ पासून तीन वर्षे एकेक भाग पुसला, तपासला, जोडला. नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्लेचली पार्क येथील संगणक संग्रहालयात अडीच टनांचे ते यंत्र पुन्हा चालू झाले, तेव्हा मूळ निर्मात्यांपैकी काही वृद्ध मंडळी तेथे हजर होती.

यातच मर्म आहे. सुटे भाग कोठारात टिकतात. ते हाताळण्याचे ज्ञान माणसांबरोबर जाते. विचारावयास माणसे आहेत तोवरच हे काम करावयाचे असते.

आपल्या माळ्यावरही एखादा जुना संगणक असेल. तो एकदम वीजजोडणीस लावू नये. आतील जुनी बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते, ती आधी काढवावी. फुगलेले कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्यावेत. वीजपुरवठ्याचा डबा व जुना काचपडदा स्वतः उघडू नये, कारण वीज बंद असतानाही त्यांत भार साठलेला असतो. चालू होताच आतील पत्रे, छायाचित्रे, हिशेब यांची प्रत प्रथम काढावी. आणि हे सारे करताना नातवंडांना शेजारी बसवावे.