देखण्या गाडीचा खरा भाव

गडचांदूर हे सिमेंटचे गाव. चुनखडी आणि सिमेंट वाहणाऱ्या अवजड ट्रकांच्या रस्त्यावर मासेराती ग्रॅनटुरिस्मोसारखी दोन दारांची, चार आसनांची इटालियन गाडी ही विसंगतीच वाटेल. परंतु लांबचा प्रवास वेगाने आणि आरामात व्हावा, याचसाठी ‘ग्रँड टूरिंग’ गाड्या घडवल्या जातात. जून २०२५ मध्ये नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून विदर्भालाही तसा रस्ता मिळाला आहे. तेव्हा जुन्या बाजारात नव्या गाडीच्या मानाने बरीच स्वस्त मिळणारी ही गाडी घ्यावी काय, हा प्रश्न निव्वळ हौसेचा उरत नाही.

२००७ मध्ये जिनिव्हात सादर झालेल्या या गाडीची पहिली पिढी २०१९ पर्यंत बनत होती. रेखाटन पिनिनफरिनाचे, आठ सिलिंडरांचे इंजिन फेरारीच्या कारखान्यातले. या इंजिनाला ठरावीक काळाने बदलावा लागणारा टायमिंग पट्टा नाही, साखळी आहे. साध्या स्वयंचलित गिअरबॉक्सची जातकुळी बीएमडब्ल्यूच्या मिस्त्र्यांनाही परिचित आहे. उलट, क्लच असलेला एमसी-शिफ्ट प्रकार खर्चिक. पुढच्या सस्पेन्शनचे बुश झिजतात, तर डॅशबोर्डवरील बटणे कालांतराने चिकट होतात. शिवाय आता पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळत असल्याने इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या तपासून घेणे अगत्याचे आहे.

इटालियन गाडी महाराष्ट्राला परकी नाही. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावली, कारण तिचा मिस्त्री गल्लोगल्ली होता. रांजणगावच्या फियाट लिनियाचे उत्पादन कधीच थांबले. तरीही तिचे डिझेल इंजिन स्विफ्टमध्येही असल्याने ती आजही दुरुस्त होते. ग्रॅनटुरिस्मोला हे भाग्य नाही. गडचांदूरहून नागपूरच दीडशे किलोमीटरहून दूर. जाणता कारागीर आणि सुटे भाग बहुधा त्याहूनही दूर, मुंबईत.

म्हणूनच सौदा ठरवताना विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीपेक्षा सेवेच्या नोंदवह्या, लिफ्टवर चढवून केलेली तपासणी आणि दुरुस्तीसाठी वेगळी ठेवलेली रक्कम यांना अधिक महत्त्व द्यावे. गाडी परराज्यातील असेल, तर ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा वाहन कर यांचा हिशेब आधीच करावा. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे; या गाडीची क्षमता त्याच्या दुपटीहून अधिक. न वापरता येणाऱ्या त्या वेगासाठी वर्षानुवर्षे खर्च सोसण्याची तयारी असेल, त्यानेच हा सौदा करावा. इतरांनी तिचे देखणेपण दुरूनच पाहिलेले बरे.