दुर्बीण घेण्याआधी

घनसावंगीकडं उसात रानडुकरं, तुरीत रोही. शेतकरी रडकुंडीला आलाय हे खरं. 2015 साली शासनाने या दोन जनावरांपुरती, वनखात्याच्या परवानगीने, शिकारीची वाट मोकळी केली. आता पारावर प्रश्न निघतो, बंदुकीला दुर्बीण कोणती बसवावी?

अहो, आधी बंदूक बघा. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. तिला दुर्बीण म्हणजे बैलगाडीला हेडलाइट!

परवान्याची रायफल असेल, तर शे-दीडशे पावलांना चारपटीची दुर्बीण पुरते. दुकानदार बारापट गळ्यात मारील. 32 मिलिमीटरच्या काचेला चारने भागा, डोळ्यापाशी 8 मिलिमीटरचा उजेड येतो. बाराने भागा, पावणेतीनही नाही. आणि डुक्कर तर निघतं दिवेलागणीला.

त्या उजेडात जनावर नीट ओळखा. काळविटाची मादी अन् रोह्याचं पिल्लू, दोन्ही तांबूस. पण काळवीट पहिल्या अनुसूचीतलं, गोळी घातली की तुरुंग. त्याहून मोठं भय वेगळंच. रात्रीची लाईट असली की शेजारी पाणी द्यायला बांधावर उभा असतो, अन् दुर्बिणीच्या वर्तुळाबाहेरचा माणूस दिसत नाही. परवानगी मिळाली, की सरपंच-पोलीस पाटलांनी त्याच दिवशी गावात दवंडी द्यावी.