दोन चुली आणि एक महाराजा

आपल्याकडे चुली वेगळ्या होतात, एक होत नाहीत. भावाभावांत भिंत पडते, स्वयंपाकघराला दुसरे दार निघते, भांड्यांच्या वाटण्या होतात, आणि तांब्याचा बंब कोणाकडे गेला यावरून दोन पिढ्यांचे बोलणे बंद राहते. हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण वेगळ्या चुली एक झाल्या असे ऐकले की आपल्या भुवया वर जातात. "कोणाचे भागेना म्हणून?" हा पहिला प्रश्न, आणि "आता स्वयंपाक कोणाच्या हातचा?" हा दुसरा. विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन होणार असे नक्की झाले, तेव्हा आमच्या वाशी-नेरूळकडच्या, महिन्यातून दोनतीनदा विमानाने हेलपाटे घालणाऱ्या मंडळींनी नेमके हेच दोन प्रश्न विचारले.

विलीनीकरण झाले ते 12 नोव्हेंबर 2024 रोजी. त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. मुहूर्त कोणी पाहिला होता की नाही देव जाणे, पण आमच्या मातुःश्रींना तो फार पसंत पडला. "चातुर्मास संपला, आता तुळशीची लग्ने लागतील, त्यांत हेही एक लागले," असे त्या म्हणाल्या. लग्न म्हटले की मुलीचे नाव बदलायचे. विस्ताराच्या उड्डाणांच्या आधी यू.के. अशी अक्षरे असत, ती जाऊन ए.आय. आली, फक्त जुन्या आकड्याआधी दोनाचा अंक लावण्यात आला, म्हणजे ओळखणाऱ्याने ओळखावे. सासरी गेलेल्या मुलीने माहेरचे आडनाव मधे लावावे, तसा हा प्रकार. आणखी एक गंमत अशी की विस्ताराच्या विमानांचा रंग होता वांग्याचा. चातुर्मासात ज्यांच्या घरी कांदा-वांगे वर्ज्य असते, त्यांच्या पानात वांगे परत यायला आणि आकाशातले वांगे जायला एकच गाठ पडली.

ज्यांचा विमानाशी संबंध वर्षाकाठी एखाद्या लग्नापुरता येतो, त्यांना या सगळ्याचे काय मोठे, असे वाटेल. पण वाचकहो, नेहमीचा प्रवासी हा प्राणी निराळा असतो. मी तळोज्याच्या एका कारखान्याच्या कामासाठी महिन्यातून दोन वेळा दिल्लीला जातो. पहाटे साडेतीनला उठायचे, खाडीपूल ओलांडून मानखुर्द-चेंबूरच्या वाटेने विमानतळ गाठायचा, दिवसभर कोणाच्या तरी कचेरीत बसायचे आणि रात्री परतायचे. अशा माणसाला विमानाचे कौतुक उरत नाही. त्याला हवी असते सवय. कोणत्या दाराने जायचे, खुर्चीत पाय कितपत मावतात, चहा पिण्याजोगा असतो की नाही, आणि मुख्य म्हणजे विमान वेळेवर सुटते की नाही, एवढेच त्याचे विश्व. जानेवारी 2015 मध्ये विस्ताराचे पहिले विमान दिल्लीहून मुंबईला आले आणि पुढच्या नऊदहा वर्षांत तिने आमच्यासारख्या अनेकांना अशी एक सवय लावली. आदबशीर बोलणे आणि बऱ्यापैकी गरम जेवण, एवढ्यावर मध्यमवर्गीय माणूस किती लवकर वश होतो!

त्या वर्षीच्या कोजागिरीला, म्हणजे विलीनीकरणाला महिनाभर अवकाश असताना, आमच्या इमारतीच्या गच्चीवर मसाला दूध आटवण्यापेक्षा हाच विषय अधिक आटवला गेला. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्याजवळ विस्ताराचे सोनेरी कार्ड होते, आणि ते कार्ड ते पाकिटात अशा जागी ठेवीत की पैसे काढताना ते दिसलेच पाहिजे.

"माझ्या सोन्याचे काय होणार?" असे त्यांनी विचारताच पलीकडून त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "माझ्या सोन्याबद्दल कधी इतकी चौकशी केली नाहीत!"

ऐरोलीच्या एका संगणक कंपनीत काम करणारी एक मुलगी दर सोमवारी बंगळुरूला जाते. तिचे म्हणणे सरळ होते. "काका, नाव कोणतेही असू द्या. सोमवारी सकाळची वेळ तीच राहील का, आणि तिकीट किती वाढेल, एवढे सांगा." गच्चीवर त्या रात्री बोललेल्या सगळ्या वाक्यांत मला हेच वाक्य महत्त्वाचे वाटले, पण ते वयाने लहान माणसाने बोललेले असल्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

मग बोलले आमचे बँकवाले काका. त्यांची उमेदीची वर्षे सांगली बँकेत गेली. ती बँक 2007 साली आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. त्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये गेली होती. "बोर्ड बदलायला एक रात्र पुरते," काका म्हणाले. "पण समोरचा माणूस पासबुक न बघता आपल्याला नावाने हाक मारीत होता, ती हाक परत यायला किती वर्षे लागतात ते मोजा." यावर दुधाचे पेले फिरले आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

विमानांच्या बाबतीत हे मोजणे तसे अवघड नाही, कारण आपल्या देशात चुली एक करण्याचा हा काही पहिला प्रयोग नव्हे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन स्वतः विमान चालवीत कराचीहून जुहूला उतरले, तेथून ही कथा सुरू होते. टाटा एअरलाइन्सची 1946 साली एअर इंडिया झाली, आणि त्याच सुमारास बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तिला तो मिशाळ, वाकून नमस्कार करणारा महाराजा दिला. युद्धानंतर डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि जो तो विमान कंपनी काढू लागला. परवाने वाटले गेले फार, प्रवासी मात्र थोडे. तेव्हा सरकारने 1953 मध्ये कायदा करून देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ कंपन्यांची एक इंडियन एअरलाइन्स केली, आणि परदेशी जाणारी एअर इंडिया निराळी ठेवली. म्हणजे आठ चुलींच्या जागी एक, आणि शेजारी दुसरी. ही व्यवस्था पन्नासहून अधिक वर्षे चालली.

त्या दोन चुली 2007 साली एक करण्यात आल्या, आणि खरा धडा तेथे आहे. कागदावर सगळे सोपे होते. एकीकडे देशातली गावे होती, दुसरीकडे परदेशातली. जोडून टाकले की झाले. पण माणसे जोडायची राहिली. कोणाची सेवाज्येष्ठता कोणती धरायची, कोणाचा पगार कोणाइतका करायचा, हे सुटेना. त्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. नवी ड्रीमलायनर विमाने येणार, तर ती चालवण्याचे शिक्षण कोणत्या घरच्या वैमानिकांना द्यायचे, यावरून 2012 च्या मे महिन्यात एअर इंडियाच्या मूळ वैमानिकांनी काम थांबवले आणि ते जवळजवळ दोन महिने चालले. बंब कोणाकडे गेला, तोच प्रश्न. फक्त बंब उडणारा होता.

टाटांनी 27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया परत घेतली, तेव्हा त्यांच्या घरात चुलींची गर्दीच झाली. विस्तारात त्यांचा वाटा 51 टक्के आणि सिंगापूर एअरलाइन्सचा 49. एअर इंडिया होतीच, तिची स्वस्तातली एअर इंडिया एक्सप्रेस होती, आणि शिवाय जुनी एअर एशिया इंडिया. एकाच घरात चार ठिकाणी आधण ठेवणे कोणालाच परवडत नाही, हे आमच्या सौ.नेही मान्य केले. ऑक्टोबर 2024 मध्ये दोन स्वस्त कंपन्या एक झाल्या, नोव्हेंबरात दोन महाग. आणि एकत्र एअर इंडियात सिंगापूरकरांना 25.1 टक्के वाटा मिळाला. तेव्हा "कोणाचे भागेना म्हणून" या प्रश्नाचे उत्तर मिळाले. "स्वयंपाक कोणाच्या हातचा" हा प्रश्न राहिला.

त्याची चुणूक आधीच दिसली होती. 2024 च्या एप्रिलमध्ये विस्ताराच्या वैमानिकांना नवी पगारपद्धती लागू झाली. पूर्वी ठरीव पगार सत्तर तासांच्या उड्डाणाचा मिळे, तो चाळीस तासांवर आला. नाराजी झाली, वैमानिक कमी पडू लागले, उड्डाणे रद्द झाली, आणि कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणे कमी करावी लागली. बाहेरच्या माणसाला वाटते की विमान कंपनी म्हणजे विमाने. विमाने तर भाड्यानेही मिळतात. सवय लावतात ती माणसे, आणि त्यांना नव्या घरात आपले पान कोठे मांडले आहे हे कळल्याशिवाय ती हसून चहा देत नाहीत. त्यांचे तरी काय चुकते?

आता पॉइंटांबद्दल. विमानाने गेले की खात्यात पॉइंट जमा होतात आणि पुष्कळ साठले की तिकीट मिळते. या व्यवहारातले आमच्या घरचे मुनीम म्हणजे आमच्या सौ. त्यांनी हे पॉइंट पाच वर्षे साठवले होते ते मातुःश्रींना काशीला न्यायचे म्हणून. मातुःश्रींचे वय 79, गुडघे आगगाडीच्या पायऱ्या चढू देत नाहीत. विलीनीकरणात विस्ताराचे पॉइंट एकास एक असे एअर इंडियाच्या महाराजा क्लबात जमा झाले, आणि सोनेरी कार्डवाल्यांचे सोने सोनेच राहिले. तिसऱ्या मजल्यावर त्या दिवशी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

सौ. मात्र हिशेबाची वही मिटवून म्हणाल्या, "आकडा तोच आहे हो. पण या आकड्याचे तिकीट किती, हे कोण ठरवणार?"

मी म्हटले, "कंपनी."

"मग हे आपले पैसे कसे? पोस्टातली ठेव असती तर व्याज लिहून दिले असते. हा फराळाचा डबा आहे. ठेवला की खवट."

आणि त्यांनी लागलीच तारखा पाहिल्या. मातुःश्री 2025 च्या मार्चमध्ये काशीला जाऊन आल्या. चाकाच्या खुर्चीतून त्यांना विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या मुलाची त्यांनी सगळी कुळकथा विचारून घेतली. विश्वनाथाच्या दर्शनाचे वर्णन त्यामानाने थोडक्यात आटोपले.

त्या काळात नेहमीच्या प्रवाशांत एक नवीच विद्या निघाली होती. तिकीट काढताना आकड्यापुढे दोनाचा अंक आहे का ते पाहायचे. असला तर विमान माहेरचे, नसले तर सासरचे. एअर इंडियाने आपल्या जुन्या विमानांच्या खुर्च्या आणि आतली सजावट बदलायला 2024 च्या सप्टेंबरात आरंभ केला होता, पण इतक्या विमानांचे काम काही एका सहामाहीत उरकत नाही. तोवर आमचे औषधवाले गृहस्थ दोनाच्या अंकावर मुलीच्या पत्रिकेतल्या मंगळासारखी नजर ठेवून असत.

मग 12 जून 2025 उजाडला. अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळले. विमानातल्या 242 जणांपैकी एकच वाचला, आणि खाली जमिनीवरचीही माणसे गेली. विमानातल्या कर्मचाऱ्यांत आमच्या मुंबई-पनवेलकडची माणसे होती. त्या अपघाताचा चुली एक होण्याशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल आणि मी तो जोडत नाही. पण त्या आठवड्यात गच्चीवर चहा, खुर्ची, कार्ड यांतला एकही शब्द निघाला नाही. ऐरोलीची मुलगी सोमवारी पहाटे नेहमीप्रमाणे बॅग घेऊन निघाली तेव्हा तिची आई फाटकापर्यंत आली होती. एरवी ती खिडकीतून हात करते.

निवडीला जागा किती उरली, हा प्रश्न त्या मुलीने कोजागिरीला विचारला होता. त्याचे उत्तर निराळ्याच दिशेने आले. देशातल्या दहा विमानप्रवाशांपैकी सुमारे नऊ आता इंडिगो किंवा एअर इंडियाच्या घरच्या विमानात बसतात, आणि त्यांतले सहाहून अधिक एकट्या इंडिगोच्या. वैमानिकांना आठवड्याची विश्रांती 36 ऐवजी 48 तास द्यावी, असे नवे नियम आले. नियम योग्यच, दमलेल्या माणसाच्या हाती विमान कोण देईल? पण 2025 च्या डिसेंबरात इंडिगोला त्याप्रमाणे वैमानिक पुरेनात आणि एका दिवसात हजाराच्या वर उड्डाणे रद्द झाली. उरलेल्या विमानांचे भाडे असे भडकले की सरकारला वरची मर्यादा घालावी लागली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारापर्यंत बारा हजार, दीड हजारापर्यंत पंधरा हजार, आणि त्याहून लांब गेल्यास अठरा. ज्या गावात दोनच वाण्यांची दुकाने आहेत तेथे एकाचा काटा बिघडला तर काय होते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. 1953 साली चुली फार झाल्या म्हणून त्रास होता. आता फार थोड्या उरल्या म्हणून आहे. मला विचाराल तर पहिला त्रास कंपनीवाल्यांचा असतो, दुसरा आपला.

याच डिसेंबरात, 25 तारखेला, उलव्याला आमचा नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. त्याची वाट पाहता पाहता आमच्या पिढीचे केस पिकले. आरंभापासून तेथे इंडिगो आहे, एअर इंडिया एक्सप्रेस आहे, आणि 2022 साली उडू लागलेली धाकटी अकासा आहे. पहाटे खाडीपूल ओलांडायचा नाही, या एका गोष्टीसाठी मी चहाबद्दल काही बोलणार नाही असे घरी कबूल केले आहे. औषधवाले गृहस्थ म्हणतात, "माझे सोनेरी कार्ड जेथे चालते तेथूनच मी जाणार, मग सहारपर्यंत जावे लागले तरी बेहत्तर." ऐरोलीच्या मुलीने तिन्ही कंपन्यांच्या वेळा आणि भाडी कागदावर मांडून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली आहेत. दर महिन्याला ती त्यात खाडाखोड करते, आणि तो कागद पाहायला आता इमारतीतली निम्मी माणसे तिच्याकडे जातात. परवा आमच्या सौ.ही वही घेऊन गेल्या होत्या. मातुःश्रींना पुढच्या माघात जगन्नाथपुरी करायची आहे.