हिरवें पाणी, मोरचूद व शेतकऱ्याचें कर्तव्य

गेल्या वैशाखांत आमच्या गांवच्या तळ्याचें पाणी आठ दिवसांत हिरवें झालें. काठाला जाड साय धरली व सकाळच्या वाऱ्याबरोबर कुबट वास येऊं लागला. हेंच पाणी नळानें घरोघर जातें. म्हणून गांवकरी चावडीवर जमले. एका अनुभवी द्राक्षबागाइतदारांनीं सुचविलें कीं, दोन पोतीं मोरचूद तळ्यांत टाकावें, शेवाळ दोन दिवसांत मरेल. तोंपर्यंत लोकांनीं पाणी उकळून प्यावें. वेलीवरील केवड्यास जें औषध चालतें तें तळ्यास कां चालूं नये, असा सरळ विचार त्यामागें होता व सभेस तो पटलाही. प्रस्तुत लेखकानें विरोध केला आणि पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. त्या विरोधाचीं कारणें वाचकांपुढें मांडावीं, एवढ्यासाठींच हा लेख.

दगडावर वाढणारें किंवा पाण्यांत तंतूंप्रमाणें लोंबणारें शेवाळ निराळें. येथें ज्याविषयीं बोलावयाचें तें निळें-हिरवें शेवाळ वस्तुतः सूक्ष्म जंतूंचा एक वर्ग आहे. भातखाचरांत याच वर्गांतील कांहीं जाती हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, म्हणून त्याची भीति शेतकऱ्यास वाटत नाहीं. परंतु दुसऱ्या कांहीं जाती आपल्या पेशींत विष तयार करितात. त्यांपैकीं मायक्रोसिस्टिन हें यकृतास बाधतें. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांत त्याची मर्यादा एका लिटरास एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी अल्प धरिली आहे. सर्वच हिरवें पाणी विषारी नसतें हें खरें. पण कोणतें विषारी व कोणतें निर्विष, हें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं.

हें ज्ञान नवें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवराचें असें पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्रे व डुकरें मेल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस यांनीं १८७८ सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत छापली होती. ब्राझीलमधील कारुआरू येथें १९९६ सालीं मूत्रपिंडाच्या रोग्यांचें रक्त शुद्ध करण्यासाठीं वापरलेल्या पाण्यांत हें विष आलें व पन्नासांहून अधिक रोगी दगावले.

आतां मोरचुदाचा प्रश्न. ऑस्ट्रेलियांतच क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ पाम नांवाचें बेट आहे. तेथील पिण्याच्या तलावांत १९७९ सालीं असेंच शेवाळ माजलें. पाण्यास वास व वाईट चव येते अशी लोकांची तक्रार झाली, म्हणून तलावांत मोरचूद टाकण्यांत आलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत १४८ माणसें आजारी पडलीं. त्यांत १३८ मुलें होतीं. वांत्या, यकृताची सूज, मूत्रपिंडाचा बिघाड व रक्तमिश्रित जुलाब अशीं लक्षणें दिसलीं. पुढें संशोधकांनीं त्या तलावांतील शेवाळाच्या जातींतून यकृत व मूत्रपिंड यांस बाधणारें विष वेगळें काढलें. जिवंत पेशींत विष बहुतांशीं कोंडलेलें असतें. मोरचुदानें पेशी फुटली कीं तें एकदम पाण्यांत उतरतें. वर तरंगणारी साय गाळतां तरी येते. विरघळलेलें विष वस्त्रगाळ करून निघत नाहीं.

उकळण्याचीही तीच गत. पटकीच्या जंतूंस उकळी मारते, पण या विषास ती मारीत नाहीं. उलट पाणी आटून विष दाट होतें. अमेरिकेंतील टोलेडो शहरांत ऑगस्ट २०१४ मध्यें ईरी सरोवराच्या पाण्यांत मायक्रोसिस्टिन आढळलें, तेव्हां सुमारें चार लाखांवर लोकांस नळाचें पाणी पिऊं नका व उकळूंही नका, असा इशारा देण्यांत आला. त्या सरोवराच्या पश्चिम भागांत शेवाळास पोसणारें स्फुरद मॉमी नदीच्या खोऱ्यांतील शेतांतूनच मुख्यत्वें वाहून येतें, हें तेथील शेतकऱ्यांसही ऐकावें लागलें.

आपणांसही तें ऐकलें पाहिजे. पन्नास किलोच्या डीएपीच्या पोत्यांत तेवीस किलो स्फुरद असतें. पावसाच्या तोंडावर तें वरून फेकलें, तर त्यांतील कांहीं भाग मातीसह नाल्यांत व नाल्यांतून तळ्यांत जातो. पैसा आपला गेला, पीक शेवाळाचें आलें! कोणी म्हणतील, शहरांचें सांडपाणी उघड्यावर वाहतें आणि बोट मात्र शेतकऱ्याकडे कां? आक्षेप रास्त आहे. सांडपाण्यांतही स्फुरद असतें व त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु ज्या तळ्याच्या पाणलोटांत शहर नाहीं, केवळ आपलीं शेतें व गोठे आहेत, तेथें दुसऱ्याकडे बोट दाखवून आपल्या मुलांच्या पेल्यांतील पाणी शुद्ध होणार नाहीं.

येथें मला स्वतःची चूकही कबूल केली पाहिजे. महसुली कारकून या नात्यानें गाळपेरीच्या कित्येक अर्जांच्या नोंदी माझ्या हातून झाल्या. क्षेत्र किती, आकार किती, हें मीं काटेकोर पाहिलें. तळ्याच्या पोटांत कोणतें खत घालणार, हा प्रश्न एकदांही विचारला नाहीं. त्या जमिनींतलें उरलेलें खत पाणी चढतांच तळ्यांतच मुरतें. गाळ मुळांतच सकस असतो. तेव्हां ज्या तळ्याचें पाणी लोक पितात, त्याच्या गाळपेरींत रासायनिक खत घालूं नये अशी अट असावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

बाकीच्या गोष्टी आपल्याच हातीं आहेत. माती तपासून मगच स्फुरद द्यावें व तें पेरून मातीआड करावें. बांध शाबूत ठेवावे, नाल्याच्या काठीं गवताचा पट्टा राखावा, उकिरडा तळ्यापासून दूर न्यावा. पाण्यावर हिरवी साय दिसली कीं गुरें तेथें सोडूं नयेत, पिण्यास दुसरें पाणी घ्यावें आणि आरोग्य खात्यास कळवून नमुना तपासून घ्यावा.

आमच्या गांवीं अखेर जुन्या विहिरीचा उपसा करून तिचें पाणी सुरू केलें व मोरचुदाचीं पोतीं बागेंतच राहिलीं. जे रागावले होते त्यांपैकीं कांहीं अद्याप माझ्याशीं बोलत नाहींत. त्याचें मला वाईट वाटतें. पण मोरचूद तळ्यांत पडूं दिलें असतें, तर त्याहून अधिक वाईट वाटलें असतें.