लक्षावधी वर्षांचा प्रासाद आणि अठरा दिवसांची भूक

'मॉर्च्युअरी टेम्पल' म्हटले की डोळ्यांपुढे शवागार उभे राहते. इजिप्तच्या राजमंदिरांवर या नावाने अन्यायच केला आहे. दुसऱ्या रामसेसने थीब्झजवळ, नाईलच्या पश्चिम तीरावर उभारलेले रामसेअमच पाहा. राजाला तेथे पुरलेले नाही. त्याची कबर डोंगरापलीकडे, राजांच्या खोऱ्यात आहे. खुद्द इजिप्शियन लोक अशा वास्तूला 'लक्षावधी वर्षांचा प्रासाद' म्हणत. अमून देवासोबत राजाचीही पूजा तेथे अखंड चालावी, हा त्यामागील हेतू.

अखंड पूजेला रोजचा नैवेद्य लागतो. देवापुढून उतरलेले पाव, बिअर, मांस पुजाऱ्यांच्या नि सेवकांच्या वाट्याला येई. म्हणून मंदिराच्या नावे शेतजमिनी असत आणि आवारात धान्याची कोठारे. रामसेअमची कच्च्या विटांची कमानदार कोठारे सुमारे ३,२०० वर्षांनंतरही उभी आहेत. पर्यटक मात्र शेलीच्या 'ओझिमँडियस'मुळे गाजलेल्या भग्न पुतळ्यापाशीच रेंगाळतात. (शेली इजिप्तला कधी गेलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.)

या कोठारांचे मोल ठाऊक होते ते उपाशी माणसांना. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचे २९ वे वर्ष, इ. स. पू. ११५७ च्या सुमारास. राजांच्या कबरी खोदणाऱ्या, देर अल-मदिना येथील कारागिरांचे वेतन धान्यात मिळे. ते थकले होते. महिन्याचे अठरा दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, असे सांगत ते काम टाकून निघाले. आधी तिसऱ्या थुटमोसच्या मंदिरामागे बसले, दुसऱ्या दिवशी रामसेअमच्या दारापर्यंत गेले आणि मग थेट आत शिरले. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. फारोला कळवा, ही त्यांची मागणी. अखेर मागील महिन्याचे धान्य मिळाले. ही हकिकत सांगणारा पपायरस आज तुरीनच्या संग्रहालयात आहे.

ज्ञात इतिहासातील पहिला संप म्हणून ही घटना सांगितली जाते, पण संपकरी बसले कोठे, याची चर्चा क्वचितच होते. वास्तविक सारे मर्म तेथेच आहे. भुकेली माणसे शवागारापुढे ठिय्या देत नाहीत.

त्याच तिसऱ्या रामसेसच्या मेदिनेत हाबू येथील मंदिराच्या भिंतीवर सणावारांच्या नैवेद्याची लांबलचक यादी कोरलेली आहे. पाव किती, बिअर किती, सारे मोजून. पुढे विसाव्या राजवंशाच्या अखेरीस देर अल-मदिना ओस पडले, तेव्हा कारागिरांची कुटुंबे याच मंदिराच्या तटबंदीआड राहायला आली.